दाजींचं पहिलं इंजिन

आमचे गोकुळदाजी सव्वीस वर्षं रांजणगावच्या एका कारखान्यात इंजिनं बनवत होते, आणि सव्वीस वर्षांत त्यांनी एकही इंजिन बनवलं नव्हतं. यात कोडं काही नाही. सरळ गोष्ट आहे, सांगतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलक्षणाताईचे यजमान. गोकुळ साकोरे, राहणार केंदूर. कारखान्यात त्यांची जागा चौदा नंबरच्या स्टेशनवर. पट्ट्यावरून उघडं इंजिन समोर यायचं. पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारे जे चार दांडे असतात, त्यांना कनेक्टिंग रॉड म्हणतात. त्या चार दांड्यांचे आठ नट दाजी आवळायचे. हिरवा दिवा लागला की प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा आणि इंजिन पंधरा नंबरला सोडायचं. सगळं मिळून दोन मिनिटं दहा सेकंद. मग पुढचं. इंजिन शेवटी चालू करून बघायचे ते पलीकडच्या वेगळ्या शेडमध्ये, आणि त्या शेडचा पास दाजींकडं नव्हता. म्हणजे पंधराएक लाख इंजिनं या माणसाच्या हाताखालून गेली, पण त्यातल्या एकाचाही आवाज त्यांनी ऐकला नाही.

गावाला हे कोण सांगणार? गावात ते ‘इंजिनवाले’ होते. शेजारच्या दत्ता थिट्याच्या विहिरीवर जुनं डिझेल इंजिन आहे. ते बंद पडलं की दत्ता पहिला दाजींच्या दारात. दाजी कंपनीचा शर्ट घालून बाहेर यायचे आणि म्हणायचे, “आज सेकंड शिफ्ट हाय.” दुसऱ्या दिवशी ओव्हरटाइम. तिसऱ्या दिवशी कंपनीत जपानी पाहुणे. चौथ्या दिवशी दत्ता कंटाळून शिक्रापूरचा मेस्त्री आणायचा. पंपाच्या इंजिनाला हात कुठून घालायचा हेच दाजींना माहीत नव्हतं, आणि ही गोष्ट फक्त ताईला आणि मला ठाऊक होती. एकदा कशावरून तरी भांडण झालं आणि ताई बोलून गेली, “आठ नटांच्या म्होरं काय येतंय तुम्हाला?” दाजी भरल्या ताटावरून उठले. दोन दिवस त्यांनी घरात कुणाशी शब्द काढला नाही. ताईनं त्यानंतर पुन्हा कधी तो विषय काढला नाही, आणि माझी बहीण अशी सहजासहजी गप्प बसणारी नाही.

अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर दाजी रिटायर झाले. कंपनीनं शाल-श्रीफळ दिलं, लाइनवरच्या सोबत्यांनी वर्गणी काढून एक टॉर्कपाना दिला. टॉर्कपाना म्हणजे नट किती जोरानं आवळायचा तो आकडा ज्याच्यावर लावता येतो असा पाना. तेवढा जोर झाला की तो ‘टक्’ असा आवाज करतो. दाजी तो पाना घेऊन दौंडला माझ्याकडं आले, चहा प्याले आणि म्हणाले, “संपत, मला एक इंजिन आख्खं जोडायचंय. पयल्या नटापासनं. आन् त्ये चालू झाल्यालं ऐकायचंय. मंग माझी काय तक्रार न्हाई.”

शहाण्या माणसानं त्यांना एखाद्या जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन बघून दिलं असतं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो, माझ्याकडून शहाणपणाची अपेक्षा करू नये. मला आठवली ती मिस पिंटोंची गाडी.

मिस पिंटोंनी दौंडच्या निम्म्या गावाला इंग्रजी शिकवलंय, त्यात मीही आलो. आता त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत. वडील रेल्वेत मोठ्या हुद्द्यावर होते. त्यांनी देश सोडून निघालेल्या कुणा इंग्रजाकडून एक दोन माणसांची, उघड्या टपाची एमजी गाडी घेतली होती. एकोणीसशे एक्कावन्न सालची, लांब नाकाची, तारेच्या चाकांची. वडील गेले त्या वर्षी गाडी बंद पडली आणि बंगल्यामागच्या पडवीत पडून राहिली. मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “तुझ्या मेहुण्याला गाड्यांतलं कळतं का?” मी म्हणालो, कळत नाही, पण चुकणारा माणूस नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “ने. चालू झाली तर मला एकदा भीमेच्या पुलावरून फिरवून आणायचं.”

टेम्पोतून गाडी केंदूरला उतरली तेव्हा ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. घरामागच्या ज्या पत्र्याच्या शेडात तिचे कांद्याचे क्रेट असतात, तिथंच ती गाडी जाणार होती. “गाडी म्हणं! बसायला जागा दोघांना, आन् मला म्हशीची पेंडबी ठिवायला जागा न्हाई,” ती म्हणाली. पण अर्धं शेड तिनं मोकळं करून दिलं, आणि मला वाटतं तिला आठ नटांवरून बोललेला तो जुना शब्द आठवत असावा.

विहिरी खोदणाऱ्यांची चेनकप्पी आणून शेडासमोरच्या चिंचेच्या फांदीला बांधली आणि इंजिन वर उचलून काढलं. आत काय नव्हतं! कार्बुरेटरमध्ये कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं, पिस्टन सिलिंडरला घट्ट धरून बसले होते. दाजींनी त्यात डिझेल ओतलं आणि आठ दिवस थांबले. रोज सकाळी येऊन नुसतं बघायचे. नवव्या दिवशी लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकलं, तेव्हा पहिला पिस्टन सुटला.

कामाची त्यांची रीत मात्र कंपनीची. ताईचे तीस क्रेट त्यांनी ओळीनं मांडले, प्रत्येकाला स्टेशन नंबर दिला. एका क्रेटमध्ये एकाच कामाचे भाग, धुऊन, पुसून, तेल लावून. प्रत्येक क्रेटवर एक कार्ड : काय करायचं, किती जोरानं आवळायचं, कधी केलं. सकाळी सातला कंपनीचा शर्ट घालून हजर. नऊला दहा मिनिटं चहा. ताई चहा घेऊन पाच मिनिटं उशिरा आली, तर हे घड्याळाकडं बघायचे. “घरातच कंपनी काढलीया यांनी,” ती मला फोनवर सांगायची, “एक दिवस मी संपच करते.”

मी रविवारी दौंडहून जायचो. गाडीचं पुस्तक इंटरनेटवरून उतरवून घेतलं होतं. मी वाचून मराठीत सांगायचो, पुस्तकातले इंग्रजी मापाचे आकडे पान्यावरच्या मापात बदलून वहीत लिहायचो. दाजी वहीतून ते कार्डावर उतरवून घ्यायचे. त्या इंजिनाचे नटही विचित्र. पाना लागायचा इंचाचा, आटे मात्र मिलिमीटरचे. पुस्तकात कारण दिलं होतं की इंजिन बनवणाऱ्यांकडं जुन्या फ्रेंच मशिनी होत्या. इंचाचे पाने दाजींकडं नव्हते. ते निघाले दत्ताच्या पेटीत, त्याच्या त्या डिझेल इंजिनाबरोबर आलेले, आजोबांच्या वेळचे. दत्ता पाने घेऊन आला आणि मग रोजच यायला लागला. तीस क्रेट बघून त्यानं गावभर सांगितलं, “आपल्या इंजिनवाल्यांचं काम बघायचं तर असं बघावं.” दाजी ते ऐकून खाली मान घालून नट पुसत राहिले.

क्रँक आणि सिलिंडर नगरच्या वर्कशॉपातून घासून आणले. पिस्टन, रिंगा, बेअरिंग इंग्लंडहून पार्सलनं आली. उन्हाळा संपता संपता जोडणी सुरू झाली. एका रविवारी मी पान उलटलं आणि म्हणालो, “आता कनेक्टिंग रॉड. लिहा, सदतीस.”

दाजी हसले. अख्ख्या वर्षात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. “त्ये पान सोड, मास्तर. त्ये मला शिकवायचं व्हय?”

खरंच होतं. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागलो. त्या दिवशी त्यांनी आठही नट आवळले. मी बाजूला उभा होतो. हात काय फिरत होता! बाकी सगळीकडं हा माणूस चाचपडत, विचारत, दोनदा तपासत काम करायचा, आणि इथं बघता बघता आठ वेळा टक्, आठ पिवळे ठिपके. मी टाळ्या वाजवल्या. ते लाजले.

दसऱ्याला इंजिन चालू करायचं ठरलं. मिस पिंटोंना मी स्वतः माझ्या गाडीतून आणणार होतो. दत्तानं पन्नास माणसांना आमंत्रण दिलं होतं, न विचारता. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडतात आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला ती उचलेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. कुऱ्हाड, कोयता, विळे, ताईचं खुरपं, आणि त्यांच्या पलीकडं दाजींचे पाने आकारानं लावून. कंपनीतही मशिनींची पूजा व्हायची, त्यामुळं दाजींनी कार्डंही पूजेला ठेवली, तीसच्या तीस, एकाखाली एक. मी हळदकुंकू लावत होतो. लावता लावता कार्डं वाचत होतो, कारण त्यातले आकडे माझ्या हातून गेले होते आणि मला जरा अभिमान होता.

अकराव्या कार्डावर आकड्याची जागा कोरी होती.

“दाजी, हे रॉडचं कार्ड. इथं आकडा लिहायचा राहिला.”

“तिथं कशाला पायजे? साठ.”

“साठ?”

“साठ. सव्वीस वर्सं साठच.”

मी कुंकवाचं बोट कार्डावरच ठेवलं. माझं तोंड बोलत असावं, कारण दाजींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, “पुस्तकात किती हाय?”

“सदतीस.”

दाजी पाटावर बसले. उदबत्ती जळत होती. ताई आतून नैवेद्याचं ताट घेऊन आली आणि दोघांच्या तोंडाकडं बघून दारातच थांबली. पुस्तकात होतं ते मी तिला सांगितलं. नटाचा बोल्ट त्याच्या ताकदीबाहेर ओढला की आतून ताणला जातो. वरून काहीच दिसत नाही. इंजिन चालू होईल, चालेलही, आणि मग एखाद्या दिवशी वेगात असताना बोल्ट तुटेल आणि दांडा इंजिन फोडून बाहेर येईल. एवढ्या मोठ्या इंजिनात फक्त एक काम दाजींना पुस्तकाशिवाय येत होतं, आणि चुकलं होतं नेमकं तेच.

ताई म्हणाली, “मंग उघडा की आत्ता. पूजा काय, हात जोडा आन् उचला पाना. द्येव काय तुमचा सुपरवायझर हाय?”

“बोल्ट कुठंयत दुसरे? इंग्लंडहून येस्तवर म्हैना जाईल.”

मग मी बोललो, आणि जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मला दिसत होत्या मिस पिंटो, नवी साडी नेसून माझ्या गाडीत बसलेल्या, आणि दत्ताचे पन्नास लोक. मी म्हणालो, “दाजी, उद्या फक्त पाच मिनिटं चालू करू. जागेवर. एवढ्यानं काही तुटत नाही. लोकांना आवाज ऐकवू, मग सावकाश बोल्ट बदलू. कुणाला काय कळतंय?”

दाजींनी पान्यांकडं बघितलं. मग म्हणाले, “लाइनवर एक दोरी आसती बग. डोक्यावर. काय चुकलंय आसं वाटलं की वढायची, समदी लाइन थांबती. मी ती कवाच वढली न्हाई. एकदा वढायला पायजे हुती. आठ-दहा वर्सं झाली. हिरवा दिवा लागला, पर सातव्या नटाला हाताला बरं वाटंना. शिफ्ट सुटायला चार मिन्टं हुती. समद्यांच्या बसा उभ्या. मी ठिपका दिला आन् सोडलं.” त्यांनी मान हलवली. “कुणाच्या गाडीत बसलं त्ये इंजिन, मला ठावं न्हाई. कवा कवा रस्त्यात बंद पडल्याली गाडी दिसती. मी बसमधनं बगतो, पोरंबाळं हायेत का आत.”

ताईनं ताट खाली ठेवलं आणि ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. त्या दिवशी कुणी पान्याला हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी गाडीच्या नाकावर झेंडूचा हार होता. मिस पिंटो खुर्चीवर, मागं पन्नासाचे सत्तर झालेले लोक, बाहेर चिंचेवर मोबाइल धरून बसलेली दोन पोरं. मी कोपऱ्यात उभा होतो आणि मला पळून जावंसं वाटत होतं. दाजी पुढं आले. त्यांनी कंपनीचा शर्ट घातला नव्हता.

“आज इंजिन चालू हुणार न्हाई,” ते म्हणाले. “मी चुकलोय. दांड्याचे नट जादा आवळलेत. उघडाय लागंल.” लोक कुजबुजले. दाजींना तिथंच थांबता आलं असतं. मी मनात म्हणत होतो, थांबा. पण ते थांबले नाहीत. “आनखी एक सांगायचंय. कंपनीत मी इंजिन बनवत न्हवतो. सव्वीस वर्सं आठ नट आवळले, तेवढंच. दुसरं मला काय येत न्हवतं. जे काय शिकलो त्ये ह्या वर्सात, हितं.”

पहिला बोलला दत्ता.

“म्हंजी माझं इंजिन बंद पडायचं तवा... ती सेकंड शिफ्ट?”

“न्हवती.”

“आन् जपानी पावणं?”

“एकदा आलतं. बाकीच्या वेळंला न्हाई.”

दत्ता एवढ्या जोरात हसला की शेडातल्या कोंबड्या बाहेर पळाल्या. “आवं, मंग सांगायचं की! सतरा वर्सं मी शिक्रापूरला चकरा मारतोय!” सगळं शेड हसलं. त्यात चेष्टा होती, थोडी दुखावणारीही होती. पुढं काही दिवस पारावर त्यांना ‘साठवाले’ म्हणत. दाजी हसले नाहीत, पण त्यांची मान वर होती. आपट्याची पानं घेऊन ते मिस पिंटोंपुढं गेले. बाईंनी पानं घेतली आणि विचारलं, “बोल्ट यायला किती दिवस?” “म्हैना,” दाजी म्हणाले. “ठीक आहे,” बाई म्हणाल्या, “मला घाई नाही. आता जेवायला काय आहे ते सांग.” त्या दोन पुरणपोळ्या खाऊन दौंडला परतल्या. वाटेत मला एवढंच म्हणाल्या की तू म्हणालास तो चुकणारा नाही, ते खोटं निघालं, पण माणूस बरा आहे.

दिवाळीनंतर बोल्ट आले. दाजींनी इंजिन पुन्हा पहिल्यापासून उघडलं, नुसते रॉड नाही, सगळं, कारण त्यांचा आता स्वतःच्या हातावर विश्वास राहिला नव्हता. या वेळी प्रत्येक आकडा मी मोठ्यानं वाचायचा, त्यांनी मोठ्यानं म्हणायचा, मग आवळायचं. “सदतीस.” “सदतीस.” टक्. आठ नटांना एक सकाळ गेली. मध्येच दत्ता त्यांना विहिरीवर घेऊन गेला. दाजींनी त्याचं इंजिन उघडलं, नोजल साफ केलं आणि दोन तासांनी हातपाय धुऊन परत आले. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. दत्ता मात्र आठवडाभर बोलत होता.

चालू करायच्या दिवशी त्यांनी कुणालाच बोलावलं नाही. साधा मंगळवार होता, मला शाळेला सुटी होती म्हणून मी गेलो होतो. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. ताई शेडाच्या दुसऱ्या अर्ध्यात बसून चाळीतले उरलेसुरले कांदे निवडत होती, पाठ आमच्याकडं. दाजींनी तेल बघितलं, पाणी बघितलं, पेट्रोल बघितलं. मग तिन्ही परत बघितलं. स्टार्टरचं बटण ओढलं. इंजिन फिरलं आणि थांबलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा एक फटाका वाजला आणि मागून काळा धूर आला. दाजींनी ठिणगीची वेळ ठरवणारा डिस्ट्रिब्युटर हातानं किंचित फिरवला, अगदी केसभर, आणि चौथ्यांदा ओढलं.

इंजिन चालू झालं.

आधी अडखळत, मग एकसारखं. मला इंजिनातलं काही कळत नाही, पण तो आवाज चांगला होता, हे मलाही कळलं. दाजी बॉनेटच्या बाजूला उभे होते, दोन्ही हात तेलानं भरलेले, ते हात कुठं ठेवायचे हे त्यांना कळत नसावं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. माझेही डोळे भरून आले, कशाला लपवू.

ताई उठून आली होती. हातात कांदा, पदर डोक्यावरून घसरलेला. दाजींनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, “ह्ये मी केलंय.”

ताईला ते पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं. मी तिच्या तोंडाकडंच बघत होतो, मला दिसलं. तरी तिनं कानामागं हात धरला आणि इंजिनाच्या आवाजात ओरडून विचारलं, “काय म्हनताय?”

“ह्ये मी केलंय,” दाजी ओरडले. “समदं! मी!”

“आं?” ताई म्हणाली, आणि ते पुन्हा सांगायला लागले.